लढाई टाळणाऱ्या पेशी

करोनाच्या साथीपासून काढ्यावर, बिस्किटावर, लहान मुलांच्या पावडरीच्या डब्यावर ‘इम्युनिटी वाढवा’ असे छापलेले दिसते. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, हे त्यात गृहीतच धरलेले. आतड्याच्या बाबतीत तरी हे साफ चूक आहे.

आतड्याच्या पोकळीत अब्जावधी जिवाणू आणि रोज येणारे परके अन्न. पलीकडे रक्त. मध्ये जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर, तेही तीन ते पाच दिवसांत नवे होणारे. शरीरातल्या प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बहुतेक पेशी या अस्तराखालीच मुक्कामाला असतात. दिसेल त्या परक्यावर त्या तुटून पडल्या, तर वरणभातसुद्धा पचायचा नाही.

त्यामुळे इथल्या कामाची रीत वेगळी. ‘आयजीए’ हे प्रतिपिंड रोज काही ग्रॅम आतड्यात सोडले जाते. ते जंतूंना सहसा मारत नाही. त्यांना चिकटते आणि अस्तरापासून लांब ठेवते. (बाळंतिणीच्या चिकाच्या दुधात ते भरपूर असते, ते दूध पिळून टाकायची जुनी पद्धत म्हणजे शुद्ध नुकसान.) इथल्या भक्षक पेशीही जंतू गिळतात, पण एरवीसारखा दाह पेटवत नाहीत. काही पेशी तर ‘इंटरल्युकिन-२२’ हा संदेश पाठवून अस्तराच्या दुरुस्तीला हातभार लावतात.

पण हा संयम येतो कुठून? १९९३ मध्ये शास्त्रज्ञ फिओना पॉवरी आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्या टी पेशी (प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नसलेल्या उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशींपैकी एक गट दिला. काही आठवड्यांत त्यांच्या मोठ्या आतड्याला तीव्र सूज आली. त्याच पेशींबरोबर निरोगी उंदरांच्या टी पेशींचा दुसरा गटही दिला, तेव्हा आजार झाला नाही. म्हणजे आतड्याची नासाडी करू शकणाऱ्या पेशी धडधाकट प्राण्यातही असतात. फक्त त्यांना आवरणाऱ्याही असतात. या आवरणाऱ्या ‘नियामक टी पेशीं’ची ओळख शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पटवली. पुढे मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचा ‘फॉक्सपी३’ हा जनुक शोधला. तो बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच न थांबणारे जुलाब लागतात. या तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले.

गंमत अशी, की या पेशींना बळ देण्यात जिवाणूंचाही वाटा आहे. भाकरी, कडधान्ये, भाज्या यांतले न पचलेले तंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट हे मेदाम्ल तयार होते. त्याने मोठ्या आतड्यातल्या नियामक पेशी वाढतात, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. माणसाला नेमके किती तंतू पुरतील, हे त्यावरून सांगता येत नाही; पण रोजच्या ताटातली उसळ वगळण्याचे काही कारण नाही.

हा आवर सुटला की क्रोन्ससारखे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे आजार उद्भवू शकतात. त्यावरची अनेक औषधे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतात. आपल्याकडे घोळ असा, की आतड्याचा क्षयही हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, आणि क्षयाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबली तर रोग उफाळतो. तेव्हा काही आठवडे जुलाब थांबत नसतील, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर ‘इम्युनिटी’चा डबा बाजूला ठेवा आणि पोटविकारतज्ज्ञांकडे जा.