मोटारीचा मेन स्विच हाताला येतोय का?

बीड : गेवराई, माजलगाव भागात रात्रीची लाइन आली की शेतकरी अंधारातच मोटारीवर जातो. तिथं कुणाला शॉक बसला तर वाचवतो तो मेन स्विच. पण पेटी चोरीच्या भीतीनं उंच डांबावर टांगलेली किंवा काट्याकुट्यात असेल, तर स्विच पाडणार कसा?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार स्विच मोटारीजवळच, चालवणाऱ्याच्या सहज हाताला येईल असा हवा आणि त्यानं सगळा पुरवठा तुटला पाहिजे. स्विचबोर्डासमोर किमान १ मीटर जागा मोकळी लागते. दार नसलेल्या बोर्डाचा खालचा भाग जमिनीपासून सव्वा मीटरच्या, म्हणजे साधारण चार फुटांच्या वर असावा, असं भारतीय मानक ७३२ सांगतं.

स्टार्टरचं लाल बटण दाबलं तरी पेटीत करंट राहतोच. म्हणून आधी मेन पाडा. मेनमध्ये येणाऱ्या वायरीत तेव्हाही करंट असतो. तिथं हात घालायचा नाही, ते काम वायरमनचं.

स्विच कुठं आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. कुणी चिकटलं तर त्याला धरू नका, आधी मेन पाडा. महावितरणचा तक्रार क्रमांक : १९१२.