उभ्या डब्याचा हिशेब

गुडघेदुखी असलेल्या माणसाला आधी एखाद्या बुटक्या, उतरत्या छपराच्या गाडीत बसायला सांगा आणि मग वॅगनआरमध्ये. बुटक्या गाडीत त्याला वाकून खाली बसावं लागतं आणि उतरताना दाराच्या चौकटीला धरून स्वतःला वर ओढावं लागतं. वॅगनआरमध्ये तो खुर्चीत बसावा तसा बसतो आणि तसाच उठतो. ही चौकोनी गाडी महाराष्ट्रातल्या गल्ल्यांत, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये इतकी वर्षं टिकली, त्याचं मोठं कारण हे बसणं-उठणं आहे. मालक तिच्यात जे बदल करतात, म्हणजे गॅसची टाकी, रुंद टायर, स्प्रिंगमधलं रबर, दारांतल्या शीट, ते सगळे शेवटी याच उभ्या आकाराशी येऊन भिडतात. हा आकार काय देतो आणि बदल्यात काय मागतो ते नीट पाहिलं, की कोणता बदल करावा आणि कोणता टाळावा हे बरंचसं ठरून जातं.

आकाराचा उगम जपानमधला. तिथे छोट्या गाड्यांचा ‘केई’ हा वेगळा वर्ग आहे. त्यात बसणाऱ्या गाडीला कर कमी, पण मापं ठरलेली. सुझुकीने सप्टेंबर १९९३ मध्ये पहिली वॅगनआर आणली तेव्हा लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ६६० सीसी यांच्या पुढे जायची परवानगी नव्हती. उंचीला मात्र दोन मीटरपर्यंत मोकळीक होती. जमीन मोजून मिळालेली, आकाश मोकळं. म्हणून गाडी वर वाढली. मारुतीने डिसेंबर १९९९ मध्ये ती भारतात आणली ती १,०६१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घालून. २०१० मध्ये ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं आणि २०१९ मध्ये आजची, अंगाने थोडी भरलेली पिढी.

या पिढीची मापं त्याच कंपनीच्या २०१८ च्या स्विफ्टशेजारी ठेवून पाहा. स्विफ्टची लांबी ३,८४० मिलिमीटर, वॅगनआरची ३,६५५. रुंदी १,७३५ विरुद्ध १,६२०. उंची १,५३० विरुद्ध १,६७५. म्हणजे वॅगनआर साडेअठरा सेंटिमीटर आखूड, साडेअकरा सेंटिमीटर अरुंद आणि साडेचौदा सेंटिमीटर उंच. आता डिकी बघा: स्विफ्टची २६८ लिटर, वॅगनआरची ३४१. गाडी आखूड असून जागा जास्त, हे उंचीमुळे घडतं. सीट जमिनीलगत असेल तर पाय पुढे पसरावे लागतात आणि प्रत्येक माणूस गाडीची लांबी खातो. सीट उंच असेल तर पाय खाली सोडता येतात, गुडघ्यापुढची जागा उरते आणि उरलेली लांबी डिकीला मिळते. मागचा पत्राही जवळजवळ सरळ खाली येत असल्यामुळे सामान छतापर्यंत रचता येतं.

हे सगळं फुकट मिळत नाही. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून वळणावर ती जास्त कलते. बाजूचा पत्रा सपाट आणि मोठा, म्हणून द्रुतगती मार्गावर शेजारून भरधाव ट्रेलर गेला की वाऱ्याचा धक्का स्टिअरिंगवर जाणवतो. आणि गाडी वजनाने हलकी आहे: पेट्रोलची वॅगनआर आठशे किलोंच्या आसपास. २०२३ च्या ग्लोबल एनकॅप धडक-चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एक तारा मिळाला, मुलांच्या सुरक्षिततेसाठी एकही नाही, आणि सांगाडा अस्थिर ठरला. गाडी घेताना हा आकडा विचारात घ्यायलाच हवा, कारण नंतर बाजारातून आणलेली कोणतीही वस्तू तो सुधारत नाही. पुढे लोखंडी गार्ड लावला की मजबुती येते असं अनेकांना मनापासून वाटतं. प्रत्यक्षात तो गार्ड धडकेचा जोर थेट सांगाड्याकडे नेतो, एअरबॅग उघडण्याच्या वेळेचं गणित बिघडवतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये हे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं, ते याच कारणांसाठी.

आता सगळ्यात मोठा बदल, गॅस, म्हणजे सीएनजी. बाहेरून बसवलेला असो की कंपनीतून आलेला, तत्त्व एकच. डिकीत आडवी पोलादी टाकी, पाण्याच्या मापाने साधारण ६० लिटरची. त्यात गॅस सुमारे २०० बार दाबाने भरतात. २०० बार म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ दोनशे पट. टाकीपासून पोलादी नळी गाडीच्या पोटाखालून बोनेटमध्ये येते आणि रिड्यूसर नावाच्या भागात शिरते. तिथे दाब उतरून दोनेक बारवर येतो. मग फिल्टर, मग गॅसचे इंजेक्टर, मग इंजिन. कोणत्या सिलिंडरला कधी आणि किती गॅस द्यायचा हे किटचा स्वतंत्र संगणक ठरवतो, आणि त्यासाठी तो पेट्रोलच्या इंजेक्टरला जाणारा संदेश वाचतो. याला सिक्वेन्शियल किट म्हणतात. कार्ब्युरेटरच्या काळातली मिक्सरवाली किटं गॅस हवेच्या वाटेत नुसता सोडून द्यायची. इंजेक्शनच्या गाडीला त्या जातीचं किट कोणी स्वस्तात देऊ केलं तर सरळ नाही म्हणावं.

रिड्यूसरकडे मालकांचं लक्ष कमी जातं, आणि खोड्या तिथेच सुरू होतात. दाब एकदम उतरला की गॅस थंड पडतो, इतका की रिड्यूसर गोठू शकतो. म्हणून इंजिनाचं गरम कूलंट त्याच्यातून फिरवलेलं असतं. गाडी थंड असताना पेट्रोलवर सुरू होते आणि थोड्या वेळाने आपोआप गॅसवर जाते, त्याचं कारण हेच: रिड्यूसर कोमट झाल्याशिवाय गॅस घेणं बरं नाही. बाहेर किट बसवताना फिटर कूलंटच्या नळीला दोन जोड मारतो. तिथे क्लॅम्प सैल राहिला किंवा नळीत हवा अडकली, तर काही दिवसांनी इंजिन तापू लागतं आणि दोष भलत्याच भागाला दिला जातो. किट बसवल्यावर पहिला महिनाभर सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघण्याची सवय ठेवावी.

गॅसवर ‘पिकअप मेला’ ही तक्रार प्रत्येक मालक करतो, आणि ती खरी आहे. पेट्रोल बारीक थेंबांच्या रूपात आत जातं, त्याला जागा जवळजवळ लागत नाही. सीएनजीतला मिथेन मात्र वायू आहे. एक भाग मिथेन जळायला साडेनऊ भाग हवा लागते, म्हणजे सिलिंडरमध्ये जाणाऱ्या मिश्रणाची जवळपास दहा टक्के जागा इंधनच अडवतं. तेवढी हवा कमी, तेवढी ताकद कमी. शिवाय मिथेनची ज्योत सावकाश पसरते, त्यामुळे ठिणगी थोडी आधी पडायला हवी. पेट्रोलच्याच वेळेवर ठिणगी पडत राहिली तर आणखी थोडी ताकद जाते. एकट्याने शहरात फिरताना हे खटकत नाही. पाच माणसं, एसी आणि खंबाटकी घाट असं एकत्र आलं की खटकतं. जुने चालक घाटाच्या पायथ्यालाच बटन दाबून पेट्रोलवर जातात, आणि तेच बरोबर आहे.

पेट्रोल पूर्ण विसरणं हा गॅसवाल्या मालकाचा महागडा मोह. टाकीत पेट्रोल तळाला ठेवून वर्षभर गॅसवर पळणारे पुष्कळ आहेत. पण पेट्रोलचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. ते तळाला गेलं की पंप तापतो आणि एक दिवस बसतो. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवावं. इंजेक्टरही त्यामुळे मोकळे राहतात. गॅस कोरडा असतो, त्याचा त्रास व्हॉल्व्हच्या बैठकीला होतो, तिथेही या सवयीचा उपयोग होतो. स्पार्क प्लगवर तर थेट परिणाम आहे. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर गचके देतो. गॅसवर गचके आणि पेट्रोलवर गाडी छान, असं असेल तर किट उघडण्याआधी प्लग आणि एअर फिल्टर बघावेत.

टाकी ‘फुल’ असूनही गॅस कधी सात किलो बसतो, कधी आठ, यावरून पंपावर वाद होतात. इथे फसवणूक शोधायची गरज नसते. भरताना टाकीतला गॅस दाबला जाऊन तापतो. तापलेला गॅस लवकर २०० बार दाखवतो आणि मशीन थांबतं. थोड्या वेळाने तो निवतो आणि काटा खाली येतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी हा फरक चांगलाच दिसतो. पहाटे भरलेल्या टाकीत थोडा जास्त गॅस बसतो. भरताना सगळ्यांना खाली उतरवतात, तो नियम मात्र कंटाळा न करता पाळावा. इतका दाब शेजारी असताना गाडीत कोणी बसलेलं नसावं, एवढं त्यामागचं कारण पुरेसं आहे.

आता परत आकाराकडे. टाकीने डिकी खाल्ली, म्हणजे उंचीतून कमावलेली जागा गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या छपरावरचा कॅरियर अजून कामाचा आहे तो यामुळे. घरच्या गाडीला मात्र कॅरियर लावताना विचार करावा: आधीच उंच असलेल्या गाडीच्या सगळ्यात उंच जागी आपण वजन ठेवतो आहोत. त्यापेक्षा मागच्या सीटची एक बाजू पाडून सामान आत ठेवणं बरं.

आणि टाकीसकट सगळं सामान मिळून ऐंशी-नव्वद किलो वजन मागे वाढतं. कायमचा एक दणकट प्रवासी डिकीत बसवल्यासारखंच हे आहे. मागचे स्प्रिंग बसतात, गतिरोधकाला पोट घासतं. मागे गाडी बसली की नाक वर होतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. समोरून येणारे सारखे डिपर मारतात ते का, हे मालकाला कळत नाही. डॅशबोर्डवर झोत खाली करण्याचं चाक असेल तर ते वापरावं, नसेल तर गॅरेजमध्ये झोत लावून घ्यावा.

बसलेल्या गाडीवर बाजारात सर्वात खपणारा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबराचे बफर. गाडी त्याने खरोखर वर येते. पण बफर स्प्रिंगचे एक-दोन वेढे कामातून काढून टाकतो, म्हणजे स्प्रिंग कडक होते, आणि शॉक अॅब्सॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाचा राहतो. त्यामुळे भरलेली गाडी बरी चालते आणि रिकामी गाडी खड्ड्यावर टणकन उडते. माझं मत विचाराल तर बफरच्या आधी दोन गोष्टी कराव्यात. शॉक अॅब्सॉर्बर गळत नाहीत ना ते पाहावं, आणि त्याच पिढीच्या सीएनजी मॉडेलचे मागचे स्प्रिंग मिळतात का ते विचारावं. कारखान्याने ते नेमके याच वजनासाठी घातलेले असतात.

टायरचं गणित कागदावर करता येतं, म्हणून दुकानात जाण्याआधी करावं. खालच्या मॉडेलला १५५/८० आर१३ टायर येतात, वरच्याला १६५/७० आर१४. पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत, तिसरा रिमचा इंच. १६५ चे ७० टक्के म्हणजे ११५.५, वर आणि खाली मिळून २३१, त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मिळवले की ५८६.६ मिलिमीटर व्यास. याच रिमवर १७५/६५ घातला तर व्यास ५८३.१ येतो. फरक एक टक्क्याहूनही कमी, स्पीडोमीटर जवळपास खरा राहतो. कललेल्या गाडीला थोडी जास्त पकड मिळते, किंचित अॅव्हरेज जातं. याहून रुंद टायर मडगार्डला घासतात आणि स्टिअरिंग जड करतात. मी १७५ च्या पुढे जाऊ नये असंच सांगेन.

सपाट पत्र्याचा दुसरा त्रास आवाजाचा. गोलाईचा पत्रा स्वतःच्या आकारानेच ताठ राहतो, सपाट पत्रा थरथरतो. वॅगनआरची दारं, छप्पर आणि मागचा दरवाजा पावसात आणि डांबर उखडलेल्या रस्त्यावर म्हणून वाजतात. ब्युटाइल रबराच्या चिकट शीट लावून हे खूप कमी होतं, आणि हा स्वतःच्या हाताने करण्याजोगा सगळ्यात समाधानाचा बदल आहे. संपूर्ण पत्रा मढवायची गरज नसते. दाराच्या आतला पत्रा बोटाने वाजवत जावं, जिथे तो सगळ्यात पोकळ वाजतो त्या मधल्या भागात शीट रोलरने दाबून बसवावी. खालची पाणी जायची भोकं मात्र बुजवू नयेत, नाहीतर कोकणातल्या एका पावसाळ्यात दार आतून गंजायला लागेल.

दिव्यांचं थोडक्यात. मूळ बल्ब ६० वॅटचे, म्हणजे बारा व्होल्टला एकाला पाच अँपिअर. शंभर वॅटचे घातले की आठच्या वर. तारा आणि स्विच त्यासाठी बनलेले नाहीत. ते वितळतात, आणि असे बल्ब कायद्यातही बसत नाहीत. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्यावी, उजेड तिथूनच वाढतो.

कायदा समजायला अवघड नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतल्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. इंधन बदलण्याची सोय त्याच कायद्यात आहे, पण किट त्या गाडीसाठी मंजूर असलेलं हवं. ही मंजुरी देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. किट बसल्यावर आरटीओत आरसीवर नोंद करायची आणि विमा कंपनीला कळवायचं. दोन्ही राहिलं तर अपघातानंतर दावा अडतो.

जुनी गॅसवाली वॅगनआर बघायला गेलात तर आधी डिकी उघडा. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. शेवटच्या चाचणीची तारीख प्लेटवर बघा आणि टाकीवर कोरलेला नंबर प्रमाणपत्राशी ताडून पाहा. टाकीचे पट्टे आणि बोल्ट हाताने हलवा, खालच्या पत्र्यावर गंज आहे का ते टॉर्चने पाहा. आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजी लिहिलेलं असलं पाहिजे. मग गाडी थंड असताना सुरू करायला सांगा, आधी पेट्रोलवर एखादा चढ चढवा, नंतर तोच चढ गॅसवर. पेट्रोलवरच गाडी दम टाकत असेल तर किटला दोष देऊ नका. इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि मगच किमतीचं बोला.