पिंजऱ्यातून सोडविलेल्या कोंबड्यांची परसातील निगा

बीड जिल्ह्यात परसात कोंबड्या पाळण्याची चाल जुनी आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कोरडवाहू गावांत अंड्यांवर मीठमिरचीचा खर्च भागविणारी घरे आजही आढळतात. अशा घरी कधी कधी गावरान कोंबडीच्या जोडीला पांढऱ्या लेगहॉर्न वंशाची, पिसे झडलेली कोंबडी येते. अंड्यांच्या मोठ्या व्यवसायात ही कोंबडी साधारणपणे ७२ ते ८० आठवड्यांची झाली की तिचे अंडी देण्याचे मान घटते व ती खाटकाकडे धाडली जाते. त्यांतील दोन-चार कोणी स्वस्त म्हणून, तर कोणी दयेपोटी घरी आणतो. आणि पुष्कळदा आठवडाभरातच त्या दगावतात.

यात दोष कोंबडीचा नसतो. तिच्या आयुष्याचा मोठा भाग तारेच्या पिंजऱ्यात, फुलस्केप कागदाहूनही कमी जागेत गेलेला असतो. जमीन उकरणे, तिन्हीसांजेला खुराड्यात शिरणे, घार दिसताच आडोसा धरणे, यांपैकी काहीच तिच्या अंगवळणी पडलेले नसते. हे सारे तिला पहिल्या तीन आठवड्यांत शिकवावे लागते.

पहिला धोका पाण्याचा. पिंजऱ्यात ही कोंबडी नळीच्या तोटीला चोच लावून पाणी पिते. पसरट भांड्यात पाणी असते, हे तिला उमजत नाही, आणि भरलेल्या भांड्याशेजारी ती तहानेने मरते. म्हणून घरी आणताच प्रत्येक कोंबडीची चोच हलकेच पाण्यात बुडवावी; ती आपण होऊन पिऊ लागेपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा असे करावे. एका कोंबडीस दिवसाकाठी सुमारे पाव लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ अधिक. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, हाच तिचा उष्णतेवरील मुख्य उपाय. बीडकडे वैशाखात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा मातीच्या परळात दिवसातून दोन-तीनदा गार पाणी भरावे व खुराड्याच्या झळीच्या बाजूस ओले गोणपाट टांगावे.

दुसरा धोका हाडांचा. एका अंड्याच्या कवचाला सुमारे २ ग्रॅम चुन्याचे सत्त्व लागते. खाद्यातून ते पुरेसे मिळाले नाही, तर कोंबडी ते आपल्या हाडांतून पुरविते. व्यायाम नसल्यानेही हाडे ठिसूळ होतात. बाजारात पाय बांधून उलट्या टांगून नेण्याची रीत या कोंबड्यांना फार बाधते. पंख मिटवून दोन्ही हातांनी अंग धरूनच उचलावे. बसण्याची काठी पहिला महिना जमिनीपासून अर्ध्या फुटाहून उंच नसावी. शिंपल्यांचा चुरा निराळ्या वाडग्यात सदैव ठेवावा.

खुराड्यास मोठा खर्च नको. सहा कोंबड्यांस ४ फूट लांब व ४ फूट रुंद जागा पुरते. तुराट्यांचा कूड, वर पाचटाचे छप्पर आणि तळाशी भुईमुगाच्या टरफलांचा चार बोटे थर, एवढ्यावर काम भागते. मात्र नुसत्या कुडास मुंगूस व रानमांजर जुमानत नाहीत. म्हणून बाहेरून बारीक तारेची जाळी मारून ती वीतभर जमिनीत पुरावी. मोकळ्या फिरण्याच्या जागेवरही जाळी हवी, कारण पांढरी कोंबडी घारीला दुरून दिसते. आणल्यावर पहिले दोन दिवस खुराड्यातच कोंडावे. पुढे रोज दिवस मावळता हाताने आत सोडावे. काही दिवसांत त्या आपण होऊन शिरतात. कोपऱ्यात राख व कोरडी माती ठेवावी. तीत लोळल्याने उवा कमी होतात.

चोचीचे टोक छाटलेले असल्याने जमिनीवरची अख्खी ज्वारी त्यांना टिपता येत नाही. दर कोंबडीस रोज १०० ते ११० ग्रॅम अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य खोलगट भांड्यात द्यावे आणि भरडा हळूहळू वाढवावा. सरकीची पेंड घालू नये. तिच्यामुळे साठवणीच्या अंड्यांचा बलक हिरवट होतो. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड तर विषच.

नवी कोंबडी गावरान कळपात तीन आठवडे मिसळू नये. वरून धडधाकट दिसणारी कोंबडीही रोग बाळगून असते. मानमोडीच्या लसीविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्यास त्या उकिरड्यावर टाकू नयेत, तर त्याच दिवशी दवाखान्यास कळवावे. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू आढळला होता, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात आणून द्यावे.

अंड्यांबाबत भाबडी आशा धरू नये. जागा पालटल्यावर पिसे झडतात व अंडी काही आठवडे थांबतात. पुढे मिळतील ती थोडीच. मिळकतीसाठी कोंबड्या पाळणाऱ्याने तलंगाच घ्याव्यात.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी या कोंबड्या निघण्याच्या तोंडावर आणू नयेत. मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांस पाणी भरणे, खाद्य टाकणे व सांजेला दाराची कडी लावणे एवढे जमते. परंतु चोच धरून पाणी पाजण्याचे दिवस त्याआधी उरकलेले असावेत.