सागवनात मुक्काम

लातूर आणि नांदेड ही शहरं आज उभ्या महाराष्ट्राला शिकवणी वर्गांमुळे ठाऊक आहेत. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीनं चार-पाच जिल्ह्यांतली मुलं इथं खोली करून राहतात, मेसचा डबा खातात आणि दोन वर्षं जीवशास्त्र घोटतात. या विषयावर इतकी मेहनत राज्यात क्वचितच कुठं होत असेल. पण वैद्यकीय प्रवेश सोडला तर या विषयाच्या जोरावर आणखी काय करता येतं, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही. वन्यजीव संशोधन म्हटलं की आफ्रिकेतलं गवत, उघडी जीप आणि तंबू डोळ्यांपुढं येतो. नांदेडहून नंदिग्राम एक्स्प्रेसनं किनवटला उतरलं तरी त्याच शास्त्राचं काम समोर उभं आहे. ते आपल्या मुलांना कळावं म्हणून हे लिहितो आहे.

आफ्रिकेशी असलेलं नातं आधी सांगतो. जॉर्ज शॅलर यांनी 1966 साली टांझानियातल्या सेरेंगेटीत सिंहांचा अभ्यास सुरू केला, तो मध्य प्रदेशातल्या कान्हात वाघ आणि हरणांवर काम करून झाल्यावर. सेरेंगेटीतलं सिंहांवरचं संशोधन पुढं अनेक दशकं चाललं, आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिथं राहून गेल्या. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी असलेले ठिपके प्रत्येक जनावराचे वेगळे असतात. त्यांवरून सिंह ओळखायचा, ही तिथली पहिली बाराखडी. 2010 साली अलेक्झांड्रा स्वान्सन या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीनं तिथं 1,125 चौरस किलोमीटरवर 225 ट्रॅप कॅमेऱ्यांचं, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचं, जाळं बसवलं. आपल्याकडे मिशांऐवजी वाघाच्या अंगावरचे पट्टे वाचतात. बाकी तत्त्व एकच.

आता आपलं रान. पैनगंगा अभयारण्य सुमारे 325 चौरस किलोमीटरचं, यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मिळून आहे. तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा, आत साग, बांबू, मोह, तेंदू. खरबी, बिटरगाव ही त्यातली ठाणी. नदीच्या अलीकडे किनवट आणि माहूरचे डोंगर, आणि वर पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य. टिपेश्वर जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं आहे. तिथं वाढलेल्या तरुण वाघांना नवी जागा शोधायला बाहेर पडावंच लागतं, आणि त्यांच्या वाटा आपल्या भागातून जातात.

अशा रानात संशोधनाला आलेला विद्यार्थी बहुधा वनविभागाच्या संरक्षण कुटीत किंवा जवळच्या गावात भाड्याच्या घरात राहतो. वीज सौर पाट्यांची, पाणी हापशाचं, जेवायला भाकरी, पिठलं, ठेचा. मोबाइलची रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते. दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, कारण हरणं आणि रानडुकरं सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांतच नीट दिसतात. सोबत वनरक्षक आणि वनमजूर असतात. वनमजूर बहुतेक गोंड, कोलाम, आंध, नाहीतर बंजारा समाजातले. मुलं त्यांना 'मामा' म्हणतात, आणि रान शिकवतात ते हे मामाच. वाळक्या पानांवर अस्वल चाललं की सांबर, माकड कुठं ओरडलं, विष्ठा कालची की परवाची, हे कुठल्याच नोट्समध्ये सापडत नाही. माझ्या मते प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकांच्या शेजारी त्यांचं नाव यायला हवं.

सकाळचं मुख्य काम ट्रान्झेक्ट लाइनचं. रानातून दोन किलोमीटरची सरळ रेघ आखलेली असते. तीवरून मुकाट्यानं चालायचं. चितळांचा कळप दिसला की थांबून चार गोष्टी टिपायच्या: प्राणी कोणता, किती, होकायंत्रावर कोन किती, रेंजफाइंडरवर अंतर किती. लांबचे प्राणी नजरेतून जास्त सुटतात, आणि ते किती सुटले असतील याचा हिशेब या अंतरांवरूनच मांडता येतो. म्हणून 'साधारण पन्नास मीटर' असं लिहिलं तर सगळं गणित बिघडतं. वही पेन्सिलीनंच लिहायची, कारण घामानं आणि दवानं शाई फुटते.

ट्रॅप कॅमेरा बसवणं हे तर हातचं कसब आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना सागाच्या बुंध्यांवर, माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, दोन कॅमेरे बांधतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून दोन. ते अगदी समोरासमोर ठेवले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो, म्हणून जरा तिरके. समोरचं गवत विळ्यानं साफ करावं लागतं, नाहीतर उन्हात तापलेलं पातं हललं की फोटो, पुन्हा हललं की फोटो, आणि दोन दिवसांत बॅटरी संपते. मग कुणीतरी चार पायांवर रांगत वाटेवरून जायचं आणि कॅमेऱ्याचा दिवा लागतो का ते पाहायचं. पट्टे उमटतात का, हे त्या रांगण्यावर ठरतं.

2018च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत देशभरात 26,838 जागी कॅमेरे लावले होते. त्यांत 3 कोटी 48 लाखांहून अधिक फोटो आले आणि वाघाचे निघाले 76,651. एवढा ढीग निवडायला संगणकाची मदत होते, तरी शेवटी माणसाची नजर लागतेच. छावणीतल्या संध्याकाळी त्यातच जातात.

दुपारची कामं कमी देखणी, पण मला त्यांचं मोल जास्त वाटतं. वाळवलेली विष्ठा चाळणीत धुवायची, राहिलेले केस काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. केसाच्या गाभ्याच्या नक्षीवरून वाघानं चितळ खाल्लं, रानडुक्कर खाल्लं की गावातलं वासरू, ते कळतं. वासराचं प्रमाण वाढलं असेल तर पुढं माणूस-वाघ संघर्ष पेटणार, याची खूण आधी मिळते. अकरावीला हायड्रा आणि झुरळ पाहिलेल्या मुलाला हे जमणार नाही असं काही नाही.

संकटंही सांगायला हवीत. पावसाळ्यानंतर गोचिडांनी अंग फुटतं. मोह फुलतो तेव्हा भल्या पहाटे फुलं वेचायला गावकरी येतात आणि अस्वलंही येतात, तेव्हा वाट सांभाळूनच चालावं लागतं. मुलींचे पालक सुरक्षेचं विचारतात, ते रास्तच आहे. पण या क्षेत्रात स्त्रियांनी मोठं काम केलेलं आहे. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या शिवारात बिबट्यांचा अभ्यास केला आणि जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागं जवळपास पाच प्रौढ बिबटे असल्याचं दाखवून दिलं.

हे लातूरकरांनी लक्षात घ्यावं. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याहूनही कमी आहे, म्हणून इथं अभ्यासाला काही नाही असा समज आहे. पण माळ आहेत, शिवारं आहेत, हरणांचे कळप आहेत, आणि ज्वारी-हरभऱ्याच्या नुकसानीनं मेटाकुटीला आलेले शेतकरी आहेत. हरणं कुठल्या महिन्यात कुठं उतरतात, याचा नीट अभ्यास झाला तर भरपाई आणि बंदोबस्त दोन्ही शहाणपणानं करता येतील.

आणि वाघ तर येतातच. टिपेश्वरच्या एका तरुण नराला 2019च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या पथकानं रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला. नाले, शेतं, रस्ते ओलांडत, वाटेत तेलंगणातही डोकावून, डिसेंबरच्या सुरुवातीला बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढच्या काही महिन्यांत त्याची भटकंती तीन हजार किलोमीटरच्या वर गेली, आणि 'वॉकर' हे नाव जगभर झालं. 2024च्या डिसेंबरात लातूरच्या शेजारी, धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात एक वाघ कॅमेऱ्यात आला. पट्टे जुळवल्यावर तो टिपेश्वरचा निघाला. वाघ कापूस-सोयाबीनच्या शिवारांतून इतक्या लांब कसे जातात, दिवसा कुठं दडतात, कुठला ओढा त्यांना आसरा देतो, हे शोधायला इथलीच मुलं हवीत. त्यांना भाषा येते, बांध माहीत असतो, शेतकरी त्यांच्याशी मोकळं बोलतो.

वाट कुठून आहे? डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था 1982 साली सुरू झाली. तिथं वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करता येतं. बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) 2004पासून असाच दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आहे, आणि शेवटचे काही महिने प्रत्यक्ष रानात राहून प्रबंध करायचा असतो. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पदवीधरांची रानाला मोठी गरज असते, कारण कॉलर लावताना वाघाला भूल द्यायला पशुवैद्य लागतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं संशोधन केंद्र तर किनवटलाच आहे. अभयारण्यात अभ्यास करायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज मार्गदर्शकामार्फत आणि बराच आधी करावा, कारण उत्तर यायला वेळ लागतो. ज्यांना आधी रान नुसतं पाहायचं आहे, त्यांनी बुद्धपौर्णिमेला वनविभाग मचाणावर 'निसर्गानुभव' ठेवतो, त्यासाठी नाव नोंदवावं. एक रात्र पाणवठ्यावर जागून काढली की पुढच्या महिन्यांची मेहनत आपल्याला झेपेल का, हे ज्याचं त्याला कळतं.