मैत्रीच्या वाटेने बंदुकीकडे

२ ऑगस्ट १९८०. इटलीतल्या बोलोन्या रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षागृहात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसे मेली. सुट्टीला निघालेली कुटुंबेही त्यांत होती. न्यायालयाने दोषी ठरवले ते देशातल्याच नवफॅसिस्ट गटांतले तरुण. त्याआधी १९७८ मध्ये ‘रेड ब्रिगेड्स’ने माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना पळवले, पाच अंगरक्षक मारले आणि ५५ दिवसांनी मोरोंचाही खून केला. हेही इटालियनच, पण डाव्या टोकाचे.

देशांतर्गत दहशतवादाचे हे दोन्ही प्रकार इथे एकाच काळात दिसतात. उजव्यांचा बॉम्ब गर्दीत फुटे. कोण मेले याला महत्त्व नसे. घाबरलेल्या लोकांनी कठोर राजवट मागावी, हा डाव. डावे माणूस हेरून मारत: न्यायाधीश, पत्रकार, कारखान्याचे अधिकारी.

माणसे यात का शिरतात? टेड गर या अमेरिकी अभ्यासकाने १९७० मध्ये सापेक्ष वंचिततेचा सिद्धांत मांडला. आपल्या हक्काचे वाटते ते आणि पदरात पडते ते, यांतली दरी माणसाला हिंसेकडे ढकलते. हे पटते, पण पुरत नाही. त्या वर्षांत इटलीत लाखो विद्यार्थी आणि कामगार संतापून रस्त्यावर होते. बंदूक उचलली मूठभरांनी. त्यांनीच का?

समाजशास्त्रज्ञ दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनी १,२१४ डाव्या अतिरेक्यांची माहिती तपासली. त्यांतल्या ८४३ जणांचा निदान एक मित्र आधीच संघटनेत होता. २९८ जणांचे नातलगच आत होते, बहुधा जोडीदार किंवा भावंड. कुठल्याही जहाल पत्रकापेक्षा मला हे आकडे जास्त अस्वस्थ करतात. जिवलग गेला म्हणून हाही गेला. विचार अनेकदा मागाहून पक्का झाला. भूमिगत झाल्यावर तर बाहेरची सगळी नाती तुटत आणि ते चार-पाच सोबती हेच घर होई.

म्हणून बाहेर पडणे इतके अवघड. ब्रिगेड्सचाच सदस्य असलेल्या पात्रित्सियो पेचीने १९८० मध्ये पोलिसांना नावे सांगितली. ब्रिगेड्सने पुढच्याच वर्षी त्याच्या भावाला पळवून ठार केले. १९८० च्या दहशतवादविरोधी कायद्यात शिक्षेत सूट होती ती तपासाला मदत करणाऱ्यांना, आणि मित्रापायी आत आलेल्याला मित्राचेच नाव घेणे जड जाई. १९८७ चा कायदा मला जास्त शहाणा वाटतो: स्वतःचे गुन्हे कबूल करा, हिंसेशी संबंध तोडल्याचे जाहीर करा, साथीदारांची नावे देण्याची अट नाही. तुरुंगातल्या शेकडो जणांनी ही वाट धरली.