हाऊलरच्या टोळीत राहते कोण?

वानरांची टोळी दिसली की आपल्याकडचा माणूस आधी हुप्प्या शोधतो. एक मोठा नर, भोवती माद्या आणि पिल्ले, बाकीचे तरुण नर बाहेर हुसकावलेले. हे चित्र डोक्यात इतके पक्के असते की जगातले कुठलेही माकड आपण त्याच साच्यात घालतो. मीही घातले. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका छोट्या मासिकात अमेरिका खंडातल्या हाऊलर माकडांविषयी लिहिताना मी बेधडक लिहून गेले, की माद्या जन्मभर जन्मल्या टोळीतच राहतात, बाहेर पडतात ते नर. आपल्या वानरांत साधारण तसे घडते, एवढाच माझा आधार. ते चूक होते, आणि ती चूक कशी उलगडत गेली ते सांगण्यासाठीच हा लेख.

हाऊलरचा पहिला पद्धतशीर अभ्यास झाला पनामातल्या बारो कोलोरादो बेटावर. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातून सरोवर भरले आणि एका डोंगराचा माथा पाण्याबाहेर राहिला, तेच हे साधारण दीड हजार हेक्टरांचे बेट. क्लॅरेन्स रे कार्पेंटर हा तरुण मानसशास्त्रज्ञ १९३१च्या अखेरीस तिथे पोचला. १९३२मध्ये त्याने मोजदाद केली, तेव्हा २३ टोळ्यांत ३९८ माकडे भरली. एका टोळीत तीनेक प्रौढ नर, त्यांच्या दुपटीहून जास्त माद्या, उरलेली पोरेबाळे. म्हणजे हुप्प्या एकटा नव्हताच. हे नर आपसांत फारसे भांडत नसत, आणि शेजारची टोळी जवळ आली की सगळे मिळून गर्जत. कार्पेंटरला हा मोठा गुण्यागोविंदाचा समाज वाटला.

१९५१मध्ये कोलियास आणि साउथविक यांनी तिथे पुन्हा मोजणी केली. माकडे फक्त २३९, टोळ्या मात्र ३०, आणि बहुतेक टोळ्यांत प्रौढ नर एकच. मधल्या काळात पीतज्वराची साथ येऊन गेली असावी, असे मानतात. १९५९मध्ये कार्पेंटर परत आला तेव्हा संख्या आठशेच्या वर गेली होती. बेट तेच, जात तीच, पण मोजणीचे आकडे तीन वेळा तीन तऱ्हांचे. त्यातल्या एकाच वर्षी तिथे गेलेला माणूस काय सांगेल, याचा विचार करावा.

शिवाय मोजणीत डोकी कळतात, नाती कळत नाहीत. त्यासाठी एकेका माकडाला ओळखून वर्षानुवर्षे मागे राहावे लागते. कोस्टारिकातल्या ला पासिफिका या शेतमळ्यावर केनेथ ग्लँडर यांनी सत्तरच्या दशकापासून हेच केले. बेशुद्ध करून माकडे पकडायची, खूण करायची, सोडून द्यायची. त्यातून निघालेला हिशेब माझ्या त्या लेखावर पाणी फिरवणारा होता : जन्मल्या टोळीतून नर तर जातातच, पण माद्या त्यांच्याहूनही जास्त प्रमाणात जातात. शंभरातल्या ७९ नरांनी घर सोडले, माद्यांपैकी ९६ जणींनी. म्हणजे एका झाडावर शेजारी पहुडलेल्या प्रौढ माद्या बहुधा एकमेकींच्या कोणीच नसतात. परकी तरुण मादी टोळीत शिरते तेव्हा तिला मार खावा लागतो. टिकली तर मात्र ती सगळ्यांत वरच्या जागी जाऊन बसते आणि वय वाढेल तशी खाली सरकते. नवी सून आल्याआल्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावते म्हणायचे!

व्हेनेझुएलातल्या तांबड्या हाऊलरची रीत आणखी कडक. हातो मासागुआराल इथे कॅरोलिन क्रॉकेट यांना दिसले, की टोळीत प्रौढ माद्या सहसा चारच्या वर जात नाहीत. जागा भरलेल्या असतील तर वयात येणाऱ्या मुलीला हाकलले जाते. दुसरी जुनी टोळी तिला जवळपास कधीच घेत नाही. अशाच भटक्यांशी जमवून तिला नवा संसार मांडावा लागतो. आता पाने खाणाऱ्या प्राण्याला अन्नाची एवढी टंचाई का असावी? उत्तराचा एक धागा आपल्या शेजारच्या धारवाडपर्यंत येतो. तिथल्या वानरांत बाहेरचा नर टोळी बळकावून पिल्ले मारतो, हे युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवले. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते. तांबड्या हाऊलरमध्येही हेच घडते, आणि माद्या जास्त असलेल्या टोळीकडे असे नर जास्त ओढले जातात. तेव्हा मुलीला हाकलणाऱ्या माद्या पानांपेक्षा पिल्लांचीच राखण करत असाव्यात. मला तरी हे पटते.

नरांच्या संख्येची खूण तर शरीरातच सापडते. गर्जना घुमवणारे कंठातले पोकळ हाड आणि वृषणे यांची मापे जेकब डन व सहकाऱ्यांनी २०१५मध्ये ताडून पाहिली. ज्या जातींच्या टोळीत एकच नर, त्यांचे हाड मोठे आणि वृषणे लहान. जिथे नर अनेक, तिथे उलटे. आवाज आणि बीज, दोन्हींवर एकदम खर्च परवडत नाही.

मेक्सिकोतल्या लोस तुश्तलास भागात जंगल तोडून गुरांची कुरणे झाली आहेत, आणि हाऊलर उरलेल्या तुकड्यांत राहतात. टोळी सोडायची वेळ तिथेही येते. पण फांद्या संपतात. मग झाडावरून क्वचितच उतरणारी ही माकडे जमिनीवरून चालत निघतात, आणि वाटेत कुत्री असतात.