नखांवरचं पोट

पूर्वी नखं काढणं हे न्हाव्याचं काम होतं. त्याच्या धोपटीत वस्तरा-कात्रीबरोबर नराणी असायची. दाढी आटोपली की तिनं तो बोटं मोकळी करून द्यायचा. बायकांच्या नखांची चौकशी व्हायची ती सणासुदीला, मेंदी लागली की. आता आमच्या मिरजेतही नखं सजवून देणाऱ्या दुकानांच्या पाट्या दिसतात. बारावी झालेल्या, कॉलेज अर्ध्यावर सुटलेल्या मुली मला विचारतात, ‘‘खाला, नेल आर्टचा कोर्स करू का? पोट भरेल का त्यावर?’’ कविता करणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारण्याचं कारण एवढंच, की माझी भाची सहा वर्षं हे काम करते आणि तिच्या शेजारी बसून मी ते पाहत आले आहे.

माझं उत्तर असं, की पोट भरेल. पण रंगाच्या बाटल्या विकत घेण्याआधी नख म्हणजे काय ते शिका.

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं. आपल्याला दिसतो तो कडक भाग निर्जीव असतो, म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली असतो. तिथं मोठी इजा झाली तर पुढं येणारं नख कायमचं वेडंवाकडं होऊ शकतं. मुळाशी नखाला चिकटलेली पातळ कातडी म्हणजे मळ नव्हे. पाणी आणि जंतू आत शिरू नयेत म्हणून निसर्गानं बसवलेलं ते झाकण आहे. नवशिकी मुलगी सफाईच्या उत्साहात ते कापून काढते आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक नखुरडं घेऊन परत येतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. बिघडलेलं नख पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात आणि पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. पाच मिनिटांच्या घाईची ही किंमत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. लोकांना वाटतं, यात नक्षीच महत्त्वाची. खरी मेहनत रंगाआधीची आहे. हात स्वच्छ करायचे, जुना रंग उतरवायचा, कानशीनं आकार द्यायचा, मुळाजवळची कातडी हलक्या हातानं मागं सारायची, नखावरचं तेल आणि ओल पूर्ण पुसून काढायची. यातलं काही राहिलं, तर वरचा थर आठवड्यातच कडेनं सुटतो. त्या फटीत पाणी साचलं की जंतू वाढतात आणि नख हिरवट दिसू लागतं. जेलचा थर पातळ द्यायचा, कातडीला लागू द्यायचा नाही आणि प्रत्येक थर दिव्याखाली ठरल्या वेळेइतका ठेवायचा. जुनं जेल काढताना ते अ‍ॅसिटोननं मऊ होऊ द्यायचं. ओरबाडलं तर त्याबरोबर नखाचेही पापुद्रे निघतात. घरी काम करणाऱ्या मुलींनी अ‍ॅसिटोन स्वयंपाकघरात ठेवू नये. ते चटकन पेट घेतं.

कातडीला जेल लागू न देण्याचं कारण गंभीर आहे. जेलमध्ये मेथाक्रिलेट जातीची रसायनं असतात. दिव्याच्या प्रकाशात त्यांचा कडक थर बनतो. पण ओलं किंवा अर्धवट सुकलेलं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिलं, तर शरीराला त्याचं वावडं होऊ शकतं. बोटांना खाज, भेगा, कधी पापण्यांवरही पुरळ येतं. एकदा जडलेलं हे वावडं बहुधा जन्मभर राहतं आणि याच जातीची रसायनं दातात भरायच्या काही पदार्थांतही असतात. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा-दोनदा जेलजवळ येतं, काम करणारी मुलगी रोज. भाचीबरोबर शिकलेल्या एका मुलीचं काम दोन वर्षांत याच कारणानं सुटलं. कला होती, गिऱ्हाईक होतं, हात मात्र जेलजवळ नेता येईना. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालायचे आणि ते वरचेवर बदलायचे. कानस चालवताना मास्क लावायचा, खिडकी उघडी ठेवायची. बाटलीवर उत्पादकाचं नाव आणि आतल्या घटकांची यादी नसेल, तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. जेल सुकायला मदत करणाऱ्या टीपीओ या रसायनाला युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी केली. तेव्हा या धंद्यात वाचनही करावं लागतं.

दुसरं शिक्षण ‘नाही’ म्हणण्याचं. नख पिवळं, जाड, ठिसूळ झालं असेल किंवा बाजूनं सुजलं असेल, तर त्यावर रंग चढवून ते झाकायचं नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. मधुमेह असलेल्या बाईच्या पायाला पातं लावायचं नाही. तिला जखम कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. हत्यारं साबणानं घासून, कोरडी करून मगच जंतुनाशकात ठेवायची. निळ्या दिव्याच्या पेटीत नुसती ठेवून ती निर्जंतुक होत नाहीत. गेलेलं गिऱ्हाईक एकच असतं, पण बिघडलेल्या नखाची बातमी सगळ्या गल्लीत जाते.

शिकायला किती दिवस लागतात? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात या कामाच्या परवान्यासाठी ४०० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. आपल्याकडे असा परवाना सक्तीचा नाही, त्यामुळं तीन दिवसांत प्रमाणपत्र देणारे वर्गही निघतात. ते प्रमाणपत्र भिंतीला शोभा देईल, हाताला सवय देणार नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. त्यानं पाया पक्का होतो. पुढं चांगल्या दुकानात वर्षभर मदतनीस म्हणून राहावं. सरावासाठी प्लॅस्टिकचा हात मिळतो, त्यावर रोज दहा नखं करावीत. आमच्या मिरजेत सतार बनवणाऱ्यांकडे पोरगा आधी लाकूड तासायला शिकतो, तारा नंतर. इथंही तेच.

कॅलिफोर्नियाचं नाव आलं म्हणून सांगते. १९७५ साली सायगाव पडल्यावर तिथल्या एका छावणीत व्हिएतनामी निर्वासित बायका राहत होत्या. ‘द बर्ड्स’ सिनेमातली नटी टिप्पी हेड्रन त्यांना भेटायला जायची. त्या बायका तिची नखं न्याहाळत. ते पाहून तिनं आपली नखं करणारी बाईच तिथं आणली आणि वीस जणींना हे काम शिकवलं. आज अमेरिकेतल्या या धंद्यात व्हिएतनामी वंशाच्या लोकांचा वाटा फार मोठा आहे. परक्या मुलुखात, नव्या भाषेत, हातातल्या कसबावर त्या बायकांनी संसार उभे केले.

पैशाचं गणितही समजून घ्यावं. नवरी मेंदीसाठी आयुष्यात एकदा येते. नखांचं गिऱ्हाईक दर तीन आठवड्यांनी येतं, म्हणजे वर्षाला सतरा वेळा. नियमित येणाऱ्या तीस बायका धरून ठेवल्या, तर घर चालतं. दर ठरवताना मालाबरोबर आपला वेळ, वीज, हातमोजे, झिजलेल्या कानशी हे सगळं धरावं. शेजारणीपेक्षा पन्नास रुपये कमी, हा हिशेब नव्हे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानुसार मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते.

गिऱ्हाईकही ओळखावं लागतं. नमाज पढणाऱ्या आम्ही बायका सहसा नखांवर रंगाचा थर देत नाही, कारण वुजू करताना पाणी नखाला लागायला हवं. मेंदी नखात मुरते, थर होत नाही, म्हणून चालते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथल्या नर्सबाईंनी रुग्णाला हाताळताना कृत्रिम नखं लावू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. भाचीनं आम्हा दोघींसाठी वेगळी सोय केली. आकार, सफाई, घासून आणलेली चकाकी आणि शेवटी तेल. रंग नाहीच. तिचं निम्मं गिऱ्हाईक याच कामाचं आहे.

या मुलींच्या घरी अजून एक प्रश्न विचारला जातो, ‘‘लोकांचे पाय हातात घ्यायचे का?’’ माझ्या बहिणीनंही विचारला होता. मी तिला म्हटलं, डॉक्टर घेतात, चांभार घेतो, आपणही आपल्या म्हाताऱ्यांचे घेतो. दुसऱ्याचा हात-पाय विश्वासानं आपल्या हाती येतो, त्याला इजा न करता तो परत करायचा, हे काम हलकं नाही. मुलींनो, तेवढं जमणार असेल तर जरूर शिका. पहिलं वर्ष मात्र कमाईचं धरू नका, हात बसवण्याचं धरा.